गाडी चालत येणार की ट्रेलरवरून?

इप्सिलँटी, मिशिगन
१६ फेब्रुवारी

चि. बंड्या,


तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे सात फोटो आणि खाली चार ओळी. त्या चार ओळींत तू 'बाराशे हॉर्सपॉवर' तीनदा लिहिलं आहेस, गाडीचं वजन एकदाही नाही. टायर केवढा ते मला फोटोतल्या टायरच्या कडेवरची अक्षरं भिंगातून वाचून कळलं. आणि शेवटी प्रश्न, 'आत्या, बाराशे हॉर्सपॉवर झेलेल असा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुठला?'

मी तीस वर्षं गिअरबॉक्स तपासायच्या नोकरीत काढली. असं कोणी विचारलं की आम्ही उलट विचारायचो, बाराशे कितीदा? आठवड्यातून एकदा, की दिवसातून वीसदा? आणि समोर वजन किती? नुसत्या हॉर्सपॉवरनं गिअरबॉक्स मोडत नाही रे. आमच्या इथे आत्ता रस्त्यावर बर्फ आहे. या बर्फावर तुझी गाडी आणून उभी केलीस तर चाकं जागच्या जागी भिरभिरतील आणि आत्ताचा तो जुनापुराणा बॉक्सही सगळं निमूट सोसेल. टायरनं रस्ता पकडला आणि गाडी जड निघाली, की गिअरबॉक्स मधे सापडतो. अडकित्त्यात सुपारी सापडते तसा.

म्हणून आधी गाडीचा हिशोब मांडला. फोटोत १९६९ची कॅमॅरो, ट्रकमधून काढलेलं सहा लिटरचं व्ही-८ आणि तुझ्या डोक्याएवढा एक टर्बो दिसतो. तुझ्यासकट वजन ३४०० पौंड धरलं, म्हणजे साधारण १५४० किलो. वजनाला हॉर्सपॉवरनं भागायचं, त्याचं घनमूळ काढायचं आणि ५.८२५नं गुणायचं, हे इथल्या जुन्या लोकांचं सूत्र. उत्तर आलं ८.२४ सेकंद. ड्रॅग शर्यतीचा पाव मैल, म्हणजे १३२० फूट, तेवढ्यात. शेवटच्या रेषेवर वेग ताशी १६५ मैल. कागदावरचे आकडे आहेत, पहिल्या दिवशी यातलं काही होणार नाही. पण एवढ्यावरून दोन खर्च ठरले. ९.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळात धावायचं तर ड्रॅग शर्यतींच्या एनएचआरए या संस्थेचं लायसन्स लागतं, आणि ताशी १५० मैलांच्या पुढे पॅराशूट. तुझ्या फोटोत पॅराशूट कुठे दिसलं नाही.

आता थोडं मागे जाऊ. तू इंजिनिअर आहेस, पण सॉफ्टवेअरचा. आमच्या अप्पांची पद्मिनी गाडी तुला आठवत नसेल, तिचा गिअर स्टिअरिंगलाच होता. कात्रजच्या चढावर ते मला हाफ क्लचवर गाडी धरायला लावायचे आणि क्लचच्या प्लेटचा वास आला की म्हणायचे, 'जळाले पैसे.' टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलातला हाफ क्लच. त्यात प्लेट जळत नाही, तेल तापतं. तुझी आजी ताक घुसळायची तेव्हा पातेलं दोन पायांत धरून बसायची, कारण सोडलं तर ताकाबरोबर पातेलंही फिरायला लागायचं. इंजिन ही रवी, गिअरबॉक्सचा शाफ्ट हे पातेलं आणि मधलं तेल म्हणजे ताक. हेरमान फ्योटिंगर या जर्मन माणसानं १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. त्यानं मधे पात्यांचं आणखी एक चाक बसवलं, त्याला स्टेटर म्हणतात. परतणारं तेल त्यावर आपटून वळतं आणि रवीलाच हातभार लावतं. त्यामुळे गाडी सुटताना इंजिनाच्या टॉर्कच्या दुपटीपर्यंत टॉर्क मिळू शकतो, फुकट नव्हे, आरपीएमच्या बदल्यात. क्लचवाल्या गाडीत हे सुख नाही. म्हणूनच 'ऑटोमॅटिक ही म्हाताऱ्यांची' असं म्हणणारे लोक ड्रॅगच्या मैदानावर गप्प होतात.

तुझ्या मित्रांनी पॉवरग्लाईड सांगितला आहे. सगळे तेच सांगतात. त्यांना त्याची जन्मकथा माहीत असेल असं वाटत नाही.

शेवरोलेनं हा गिअरबॉक्स १९५०च्या मॉडेलमध्ये आणला, क्लच दाबायचा कंटाळा आलेल्या साध्या कुटुंबांसाठी. गाडी स्वस्त, गिअर दोनच. सुरुवातीच्या वर्षांत तर तो आपणहून गिअरही बदलत नसे. वरच्याच गिअरमध्ये कन्व्हर्टरच्या जिवावर हळूहळू निघायचा. १९५३पासून खालच्या गिअरमध्ये निघून स्वतः वर जायला शिकला. लोक त्याला 'स्लिप अँड स्लाईड' म्हणून चिडवत. बाजारहाटाला जाणाऱ्या बायकांची गाडी, असाही एक कुत्सित सूर त्यात असे. तो मी नोकरीच्या पहिल्या वर्षात या कानांनी ऐकला आहे. १९६२ला त्याला ओतीव लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमची पेटी मिळाली, १९७३ला उत्पादन बंद झालं. आणि ज्याला हसत होते तोच आज दीड-दोन हजार हॉर्सपॉवरच्या गाड्यांत बसतो! मात्र त्यात मूळ कारखान्याचा एक बोल्टही नसतो. पेटी नवी, शाफ्ट नवे, ड्रम नवा, पट्टा नवा. विमानाच्या चाकांच्या दांड्यांना वापरतात ते ३००एम पोलाद त्याच्या शाफ्टला वापरतात. जुनं उरलंय ते नाव आणि मांडणी.

माझ्या घरापासून अर्ध्या तासावर लिव्होनिया आहे. तिथला हायड्रामॅटिकचा कारखाना १२ ऑगस्ट १९५३ रोजी जळून खाक झाला. जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्यांचे गिअरबॉक्स तिथे बनत. मग काय, कॅडिलॅकला ब्यूकचा डायनाफ्लो बसवून दिला आणि पाँटिॲकच्या गिऱ्हाइकांच्या पदरी हाच गरिबाघरचा पॉवरग्लाईड पडला. कंपनीनं घाईनं दुसरी जागा शोधली ती आमच्या गावाशेजारची विलो रनची. युद्धात फोर्डनं तिथे बी-२४ बॉम्बर विमानं बांधली होती. तुझ्यासमोरचा दुसरा पर्याय, टर्बो ४०० हा गिअरबॉक्स, त्या विलो रनचा. मी त्या कंपनीत नव्हते. पण कितीतरी वर्षं त्या लांबलचक इमारतीवरून कामाला जायचे, त्यामुळे टर्बो ४००बद्दल माझ्या मनात थोडा शेजारधर्म आहे. पुढचं वाचताना तेवढं लक्षात ठेव.

टर्बो ४०० आला १९६४च्या मॉडेलला, आधी कॅडिलॅकमध्ये. तीन गिअर : २.४८, १.४८ आणि सरळ. जड, लांब, जरा सुस्त, पण मोडायला तयार नाही. रोल्स-रॉईसनं घेतला. १९७६ साली फेरारीनं आपल्या ४०० ऑटोमॅटिकमध्ये बसवला. फेरारीनं, ज्यांना स्वतःच्या गिअरबॉक्सचा केवढा अभिमान! पुढे अमेरिकन सैन्याच्या हमव्हीत गेला. राजवाड्यापासून छावणीपर्यंत सगळीकडे एकच पेटी.

तर दोन गिअर की तीन, हा तुझा खरा प्रश्न.

दोनवाल्यांची बाजू आधी मांडते, कारण ती दमदार आहे. तुझा टायर २८ इंची, मागच्या ॲक्सलचा रेशो ३.४२ धर. ट्रान्सब्रेकचं बटण दाबलं की गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स दोन्ही एकदम लागतात, पेटी जाम होते आणि इंजिन कन्व्हर्टरवर जोर देत थांबून राहतं. मंचरकडच्या यात्रांत शर्यतीचे बैल धरून उभी असलेली माणसं पाहिली आहेस ना? बटण सोडलं की ती माणसं बाजूला झाली. त्या क्षणी टर्बो अजून पुरता फुगलेला नाही, इंजिन ५०० पौंड-फूट टॉर्क देतंय, कन्व्हर्टर त्याचा १.८ पट करतोय असं समज. टर्बो ४००च्या २.४८नं आणि मागच्या ३.४२नं गुण, टायरच्या फुटांतल्या त्रिज्येनं भाग. रस्त्यावर साडेसहा हजार पौंडांचा रेटा येतो. पॉवरग्लाईड १.८० रेशोचा घेतलास तर पावणेपाच हजारांचा. आणि अख्खी गाडी किती? ३४०० पौंड. म्हणजे पॉवरग्लाईडचा रेटाही टायरच्या ऐपतीबाहेरचा, टर्बो ४००चा तर उधळपट्टीच. पॉवरग्लाईडवाले म्हणतात, जो रेटा टायरला पेलत नाही त्यासाठी तिसरा गिअर कशाला वागवायचा? शिवाय त्यांचा बॉक्स तीस-पस्तीस पौंडांनी हलका, आत फिरणारं वजन कमी, सुटे भाग कमी, गिअर बदल एकच. चुकायला जागाच कमी.

ब्रॅकेट रेसिंगमध्ये तर तो राजा आहे. तिथे आपण किती सेकंदांत धावणार ते आधी काचेवर लिहायचं आणि तेवढ्यातच धावायचं. त्याहून लवकर पोचलास तरी हरलास. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, दोन्ही धावांत सेकंदाच्या शंभराव्या भागाचाही फरक नको. असला संयम तुझ्यात नाही, तो तुझ्या बाबांतही नव्हता. पण कधी आला, तर डोळे मिटून पॉवरग्लाईड घे.

आता त्या एकाच बदलाकडे बघ. तुझं इंजिन ७२०० आरपीएमला गिअर बदलणार. पॉवरग्लाईडमध्ये तो बदल होईल ताशी नव्वद मैलांच्या आसपास. हिशोबानं आरपीएम ७२००वरून थेट ४०००वर येतात. कन्व्हर्टर सैल असेल तर तो घसरून थोडं सावरून घेतो, पण टर्बोचा दम तेवढ्यात जातो आणि नेमका वारा अंगावर यायला लागतो तेव्हा जातो. मोठं इंजिन असतं, नऊ-दहा लिटरचं, तर ४०००लाही त्याच्यात रग असते. तुझं सहा लिटरचं. ते हवेवर जगतं. टर्बो ४००मध्ये पहिला बदल ४३००वर आणतो, पण तो पासष्ट मैलांच्या सुमारास होऊन जातो. दुसरा एकशेदहाच्या आसपास, आणि तिथे आरपीएम ४८००च्या खाली जात नाहीत. इंजिनाचा टर्बो जागा राहतो. सुटतानाच्या उधळपट्टीवर तुझ्याकडे उपाय आहे. तुझा कंट्रोलर पहिल्या गिअरमध्ये बूस्ट कमी ठेवू शकतो, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. टायरला जास्त झालेलं पहिल्या सेकंदात इंजिनाकडून कमी करून घेता येतं. दुसऱ्या टोकाला पडलेला खड्डा मात्र कशानंच भरून निघत नाही. माझं मत तीन गिअरच्या बाजूनं आहे ते यासाठी.

हे मत तुझे मित्र खोडून काढतील. काढू देत. त्यांच्या गाड्यांचं वजन विचार. हजार-अकराशे किलोची गाडी असेल तर ते बरोबर आहेत.

आता जरा वेगळं, आणि हे दोनदा वाच.

डॉन गार्लिट्स हे नाव तुला माहीत आहेच. ८ मार्च १९७०, कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळची लायन्स धावपट्टी. त्या काळच्या ड्रॅगस्टरमध्ये इंजिन पुढे आणि माणूस अगदी मागे बसायचा, गिअरबॉक्स त्याच्या पायांपाशी. गार्लिट्सच्या 'स्वॉम्प रॅट १३'मध्ये दोन गिअरचा बॉक्स होता. सुटतानाच तो फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाच्या पंजाचा भाग उडाला. अंथरुणात पडल्या पडल्या तो विचार करत राहिला तो इंजिन माणसाच्या मागे टाकण्याचा. पुढच्याच वर्षी पोमोनाला विंटरनॅशनल्स त्यानं मागे इंजिन असलेल्या गाडीनं जिंकल्या आणि काही वर्षांत सगळ्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरांची मांडणी उलटी झाली. एका गिअरबॉक्सनं अख्ख्या खेळाची रचना बदलली. तुझ्या कॅमॅरोत मात्र गिअरबॉक्स अजूनही तिथेच आहे, तुझ्या उजव्या मांडीशेजारी.

आमच्या लॅबमध्ये एकदा ड्रम फुटला होता. मी नवी होते, काचेच्या पलीकडे वही घेऊन उभी. आवाज ऐकल्याचं आठवत नाही, आकडे एकदम शून्यावर गेलेले आठवतात. नंतर आत गेलो तर मुठीएवढा एक तुकडा पोलादी आवरणात रुतलेला. ते आवरण नसतं तर पुढे काच होती आणि काचेपुढे मी. त्या दिवसापासून कुठल्याही गिअरबॉक्सबद्दल माझा पहिला प्रश्न 'किती झेलतो' हा राहिला नाही. फुटला तर तुकडे कुठे जातात, हा आहे.

म्हणून शिल्ड. एसएफआय सुरक्षा मानक ४.१चं गिअरबॉक्सला, २९.१ची फ्लेक्सप्लेट आणि ३०.१चं तिचं शिल्ड. हे तीन आकडे फळीवर लिहून ठेव आणि मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा शिक्का, तारखेसह, बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. बॉक्स कुठलाही घेतलास तरी हे सुटत नाही. टर्बो ४०० घेशील तर कारखान्याचा ओतीव लोखंडी डायरेक्ट ड्रम आत ठेवू नकोस, पोलादी घाल, आणि त्यावरचा स्प्रॅग, म्हणजे एकतर्फी क्लच, ३६ एलिमेंटचा. कधी मित्राची पॉवरग्लाईडची गाडी चालवलीस तर रेषा ओलांडल्यावर सवयीनं न्यूट्रल टाकू नकोस. वेगात न्यूट्रल केलं की आतला ड्रम मोकाट सुटतो, त्याच्या कुवतीबाहेर फिरतो आणि फुटतो. गाडी आपली आपण थांबू दे. क्रायस्लरच्या जुन्या ७२७मध्येही असंच दुखणं आहे, त्यातला मागचा एकतर्फी क्लच तुटला की पुढचा ड्रम बेफाम होतो. लोक चांगलं म्हणतात त्या बॉक्सलाही, आहेच चांगला, पण दुखणं माहीत असलेलं बरं.

वहिनींना शिल्डबद्दल सांग. हॉर्सपॉवरबद्दल सांगू नकोस.

तू एका ओळीत घाईघाईनं लिहिलंस की 'रोजच्या रस्त्यावरही चालवायची आहे, एखाद्या वर्षी ड्रॅग वीकलाही जायचंय.' इथे मी थबकले. कारण हे खरं असेल तर वर लिहिलेलं सगळं बदलतं. २००५पासून भरणारी ती ड्रॅग वीक म्हणजे काही थट्टा नाही. पाच दिवस, बहुतेक रोज वेगळी धावपट्टी, मधला जवळजवळ हजार मैलांचा प्रवास त्याच गाडीनं, सोबत मदतीचा ट्रक न ठेवता. तुझा ३.४२ रेशो आणि २८ इंची टायर. ताशी सत्तर मैलांना इंजिन २८७० आरपीएमवर राहणार. शर्यतीचा कन्व्हर्टर चार हजारांच्या पुढे पकड घेणारा. म्हणजे हमरस्त्यावर तासन् तास तो पुरती पकड न घेता नुसतं तेल घुसळत बसणार. ताकाचं लोणी होतं, तेलाचा कोळसा. त्यासाठी ४एल८०ई आहे. टर्बो ४००चाच धाकटा वंशज, १९९१चा, पहिले तीन गिअर तेच, चौथा ०.७५चा ओव्हरड्राईव्ह, आणि कन्व्हर्टरला लॉकअप. सत्तर मैलांना इंजिन २१५०वर येतं आणि लॉकअपमुळे घसरण बंद. वजनानं आणखी जड, चालवायला कॉम्प्युटर लागतो. पण हजार मैल जायचं तर त्याला पर्याय मला सुचत नाही.

पण बंड्या, मी फोटो पुन्हा नीट बघितले. मागची सीट काढलेली. वायपर नाहीत. हीटरच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा. आणि सहाव्या फोटोत, गॅरेजच्या दारात, नवा कोरा ट्रेलर! ज्याला गाडी चालवत न्यायची असते तो आधी ट्रेलर घेत नाही. रस्त्यावर चालवायची ही मनातली इच्छा आहे, मला कळते, मलाही निवृत्तीनंतर भरतनाट्यम शिकायचं होतं. पण गिअरबॉक्स इच्छेला बसवायचा नसतो. गाडी ट्रेलरवरून येणार असेल तर टर्बो ४००, चालत येणार असेल तर ४एल८०ई. दोन्हीसाठी एक घ्यायला गेलास तर दोन्हीकडे रडशील. मी तुझं उत्तर ट्रेलर धरून पुढे लिहिते.

टर्बो ४०० घे. पहिल्या गिअरसाठी २.१०चेही संच मिळतात, टायर फारच फिरायला लागला तर पुढे बदल, आत्ता मूळ २.४८ राहू दे. व्हॉल्व्ह बॉडी मॅन्युअल घ्यायची आणि ट्रान्सब्रेकसहित. म्हणजे गिअर तूच बदलायचे. ऑटोमॅटिक घेऊन गिअर हातानं बदलायचे याचं तुझ्या बाबांना फोनवर हसू आलं. पण या खेळात ऑटोमॅटिकचा अर्थ एवढाच की क्लचचं पायडल नाही आणि बदलताना ताकद तुटत नाही. कधी बदलायचं हे तुझं इंजिन ठरवणार.

आणि पैसे कन्व्हर्टरवर खर्च कर. लोक गिअरबॉक्सवर सगळं ओततात आणि कन्व्हर्टर कोणाकडून तरी वापरलेला आणतात. हे माप घेऊन शिवायचं वस्त्र आहे, दुसऱ्याचं अंगाला बसत नाही. तुझ्यासाठी साडेनऊ इंची, चार ते साडेचार हजारांच्या दरम्यान पकड घेणारा असा माझा अंदाज. नेमका आकडा बनवणारा कारागीर ठरवेल. बोल्टनं उघडता येणारा घे, म्हणजे मोसमाच्या मध्यावर आतला स्टेटर बदलून तो सैल-घट्ट करता येतो. इंजिनाचा आणि ड्राईव्हशाफ्टचा, दोन्हींचा आरपीएम नोंदवायची सोय पहिल्या दिवसापासून कर. शेवटच्या रेषेवर दोन्हींत चार-पाच टक्क्यांचा फरक दिसला तर कन्व्हर्टर बरा. दहा-बारा दिसला तर तुझे शंभरेक हॉर्सपॉवर तेल तापवण्यात चालले आहेत.

बसवताना एक सांभाळ. ही चूक मी स्वतः केली आहे, इंजिनिअर असून. आमच्या गॅरेजमध्ये, जुनी शेवरोले, मी खाली झोपलेली आणि तुझे आतोबा वरून टॉर्च धरून. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तोंडात सरकवताना गोल फिरवत न्यायचा. तो टप्प्याटप्प्यानं आत बसतो, शेवटचा टप्पा पंपाच्या गिअरचा. मला दोन 'टुक' ऐकू आले, तिसरा ऐकल्यासारखं वाटलं. बोल्ट आवळले. पेटी इंजिनाला टेकेना तर बोल्टांनीच ओढून घेतली. सुरू केल्यावर मिनिटभरात पंप फुटला, तांबडं तेल गॅरेजभर. आतोबा काही बोलले नाहीत, टॉर्च बंद करून घरात गेले. ते जास्त लागलं. तेव्हा पेटी इंजिनाला हातानं टेकली पाहिजे, बोल्टनं ओढायची नाही. टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर फट राहिली पाहिजे. फट नसेल तर पुन्हा उतरव. रात्रीचे दोन वाजले असतील तरी उतरव.

तेलाचा कूलर मोठा लाव. ट्रान्सब्रेकवर सेकंद-दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नकोस, तेवढ्यात तेल उकळायला लागतं. प्रत्येक धावेनंतर काडी काढून तेलाचा वास घे. करपलेल्या दुधासारखा वास आला तर त्या दिवशीची शर्यत संपली, मग रांगेत तुझा नंबर पुढे का असेना.

कुठून घ्यायचा ते विचारू नकोस, नाव सांगणार नाही. तुझ्या ह्यूस्टनपासून गाडीनं तीन-चार तासांत जाता येईल असा माणूस शोध. बॉक्स मोडणारच आहे. मोडल्यावर सोमवारी सकाळी ज्याच्या दारात तो नेऊन टाकता येतो आणि जो तुझ्यासमोर तो खोलून कुठली प्लेट का जळली ते दाखवतो, त्याच्याकडून घे. देशाच्या दुसऱ्या टोकाचा नावाजलेला कारागीर पेटीतून पाठवेल आणि पेटीतून परत मागवेल. त्यात तुझा मोसम जाईल.

आणखी एक. मी वजन ३४०० धरलं ते फोटोवरून. कन्व्हर्टर बनवणारा पहिला प्रश्न वजनाचाच विचारेल आणि तू अंदाजे आकडा ठोकून देशील, मला माहीत आहे. ह्यूस्टनच्या बाहेर ट्रकचे वजनकाटे आहेत. गाडीत पेट्रोल भरून, हेल्मेट घालून, तू स्वतः आत बसून गाडी काट्यावर चढव आणि पावतीचा फोटो मला पाठव. तोवर कुठलीही ऑर्डर देऊ नकोस.

तुझी
आत्या